हिरव्या डब्यातलं मीठ

निंबानं पहिला घोट घेतला आणि माझ्या दुकानाच्या पायरीवरच थुंकला.

"चुडामणभाऊ, हाई काय शे? चहामा मीठ!"

"तोंड धुईसन ये," मी ओरडलो. "चहामा मीठ कसाले टाकसू मी?"

मी मुळात तापट माणूस, पारोळ्यात कुणालाही विचारा. आणि निंबा गाडीवाला असा, की त्याला अमृत पाजलं तरी खोड काढील. पण त्याच्या बशीत बोट बुडवून चाटलं आणि माझाच चेहरा पडला. खारट! नुसता खारट!

माझी बायको तानुबाई आत भजी तळत होती. ती झारा घेऊनच बाहेर आली. लढाईचे दिवस, साखर रेशनची, बारीक आणि मळकट. शेवेसाठी तिनं मीठही तसंच बारीक कुटून ठेवलेलं. आणि दोन्ही ठेवायला डबे कुठले, तर चहा कंपनीनं भेट दिलेले हिरवे, एकासारखा एक. झालं, हात चुकला.

"अरे देवा," ती कपाळावर हात मारून म्हणाली, "नानासले बी तोच चहा गया!"

आम्ही दोघांनी आतल्या बाकाकडे पाहिलं. रुपचंद नानांचा कप रिकामा होता. रुमालानं मिशा पुसत ते म्हणाले, "वा चुडामण! आज फक्कड जमलाय. पत्ती अजिबात शिजवली नाहीस. शाबास."

आता हे रुपचंद नाना कोण, ते सांगायला हवं. कंपनीचे चहा-प्रचारक. राहायला धुळ्याला. खाकी कोट, त्यावर पितळी बिल्ला. अकरा वर्षं अमळनेर, एरंडोल, शिरपूर करत गावोगावच्या हॉटेलांत जायचं, चहा चाखायचा आणि आम्हाला शिकवायचं. पाणी उकळलं की पत्ती टाका, झाकून ठेवा, दूध वरून घाला, पत्ती उकळू नका. आम्ही माना डोलवायचो, आणि त्यांची मोटार गेली की दूध, पाणी, पत्ती, साखर सगळं एकत्र करून रटरट उकळायचो. गिऱ्हाइकाला तोच लागतो, त्याला मी काय करू? नाना धुळ्याचे, म्हणजे बोली आमचीच, पण कोट अंगात असला की बोलणार पुस्तकासारखं.

पण जीभ! चोथा दुसऱ्यांदा वापरलेला असो की पत्तीत हरभऱ्याची टरफलं असोत, नाना एका घोटात सांगत. सहा वर्षांपूर्वी त्यांनी मलाच धरलं होतं. ऐन बाजाराच्या दिवशी माझी किटली गटारात ओतली, स्टुलावर चढून 'येथे शुद्ध चहा मिळतो' ही कंपनीची पाटी काढली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "खोट्या चहाला पाटी नाही." वर्षभर माझं दुकान बिनपाटीचं होतं. लोक हसायचे. तेव्हा मी त्यांना दिलेल्या शिव्या इथं सांगण्यासारख्या नाहीत.

म्हणून त्या दिवशी मला वाटलं, म्हातारा टिंगल करतोय.

"नाना, थट्टा कसाले करतस?" मी चढ्या आवाजात म्हणालो. "बठ्ठा चहा खारट व्हयेल शे!"

नानांनी कपात पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. मग म्हणाले, "हळू बोल रे."

गेल्या श्रावणात त्यांना मुदतीचा ताप आला होता. ताप उतरला, पण चव आणि वास दोन्ही गेले ते गेलेच. वर्षभर ते चहाचा रंग बघून आणि आमचे चेहरे वाचून काम भागवत होते. आता कुणीतरी वर कागद धाडला होता, आणि गुरुवारी मुंबईहून साहेब येणार होते. मोटारस्टँडला लागून माझं दुकान, म्हणून परीक्षा इथंच: चाखून खोट्या चहाचा कप ओळखायचा.

"नापास झालो की नोकरी गेली," नाना म्हणाले. "आमचा लीलाधर मॅट्रिकला बसतोय. अजून दोन वर्षं निभली असती, तर..."

खोटं कशाला बोलू, मला आधी बरं वाटलं. मोठे आले होते पाटी काढणारे! पण त्यांचे हात बघितले. रिकामा कप दोन्ही हातांत धरून ठेवला होता, जसा काही कुणी हिसकावून नेणार आहे. माझा राग कुठं गेला कळलंच नाही, आणि त्याचाही मला राग आला.

तानुबाईनं मात्र विचार करायला वेळ घेतला नाही. "नाना, कप मीच भरसू ना? मंग दांडी फुटेल कप तो खोटा चहाना. ध्यानमा ठेवज्यात."

नाना हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. कोळशावरची मोटार धूर ओकत आली, तिच्यात बसून गेले.

गुरुवारी साहेब आले. तरुण पोरगेला माणूस, बोलायला सभ्य. त्यांनी नानांना रस्त्याकडे तोंड करून बसवलं आणि तानुबाईला सांगितलं, दोन कप ताज्या पत्तीचे करा, एक कालच्या चोथ्याचा. नानांनी खोटा कप ओळखायचा. एवढंच.

तानुबाईनं ताट आणून ठेवलं. दांडी फुटलेला कप मधोमध. नानांनी पहिला घोट घेतला, दुसऱ्यातला घेतला, तिसऱ्यातला घेतला. मग त्यांचा हात परत मधल्या कपावर आला आणि बोटं फुटक्या दांडीवर थांबली. तानुबाई दारात पदराचं टोक दातात धरून उभी. जणू परीक्षा माझीच. मनात म्हणत होतो, उचला नाना, उचला आणि मोकळे व्हा.

नानांनी मान वर करून माझ्या पाटीकडे एकदा पाहिलं. हात मागे घेतला.

"साहेब, मला सांगता येत नाही."

"पुन्हा घ्या ना, नाना. घाई नाही."

"पुन्हा घेऊन काय उपयोग? वर्ष झालं, मला चव कळत नाही. मीच आपणाला कळवायला हवं होतं." त्यांनी कोटावरचा बिल्ला काढला आणि तीन कपांच्या शेजारी ताटात ठेवला. "या लोकांच्या पाट्या मी उतरवल्या आहेत, साहेब."

साहेब बिचारा गोरामोरा झाला. बिल्ला खिशात घातला, नानांना नमस्कार केला आणि निघून गेला.

मी भडकलोच. "नाना, कप ध्यानमा नही ऱ्हायना का?"

"होता की ध्यानात."

"मंग? काय गरज व्हती?"

तानुबाईनं डोळे पुसले आणि मला गप्प बसायची खूण केली.

धुळ्याच्या मोटारीला तासभर अवकाश होता. नानांनी कोट काढून घडी घातली. मग बाहेरच्या बाकावर निंबाशेजारी जाऊन बसले. अकरा वर्षांत त्या बाकावर कधी बसले नव्हते.

"चुडामण," ते म्हणाले, "आता तुझ्या पद्धतीचा दे."

मी दूध, पाणी, पत्ती एकत्र केली. आलं ठेचून टाकलं. साखरेच्या डब्यातली चिमूट आधी स्वतःच्या जिभेवर ठेवून पाहिली, मगच मूठभर टाकली. चांगला रटरटून उकळला. तानुबाईनं घरातली पाहुण्यांची कपबशी काढून दिली.

नानांनी बशीत ओतून फुंकर मारली आणि प्यायले.

मला राहवेना. "कसा व्हयना, नाना?"

फक्कड म्हणाले असते तर मला चाललं असतं. त्यांनी आणखी एक घोट घेतला, तोंडात धरला, हळूच गिळला.

"गरम शे," नाना म्हणाले, आणि कप पुढे केला. "आजून थोडा दे."