मिरासदाराचा हात

वालूरच्या मुंजाजीरावांपाशी रान आठ एकर आणि ऐट आठशे एकरांची. "आमी मिरासदार!" हे ऐकवल्याबिगर हा बाबा दुकानातून तंबाखूसुद्धा घेत नसे. मिरासदारानं नांगराच्या रुमण्याला हात लावायचा नाही, ही त्या घरची रीत. आजा फेटा बांधून बांधावर बसला, बाप बसला, आता हेही बसत. नांगर हाकायचा आश्रुबानं, निम्म्या पिकावर.

निजामी गेली आणि कुळांचा कायदा आला: कसेल त्याचं रान. कोणतं रान कोण कसतं, याची चावडीत चौकशी लागली. मुंजाजीरावांची बायको केशरबाई हिशेब करू लागली. रान गेलं तर खायचं काय, फेटा?

"अवं, चार दिस रुमणं धरा. लोकं बघतील. मग साहेबाला म्हणा, मी सोता कसतो."

"येडी का काय तू? मिरासदाराच्या हाताला घट्टे? आजा काय म्हणंल?"

"आजा मेलाय. आपुन जित्ते हाव अजून!"

पण ऐकतो कोण! चावडीत साहेबानं विचारलं, "जमीन कोण कसतं?"

मुंजाजीरावांनी मिशीला पीळ दिला. "साहेब, आमी मिरासदार. तीन पिढ्या रुमण्याला हात लावला न्हाई. आश्रुबाला इचारा!"

आश्रुबानं इमानदारीनं मान डोलावली. "खरं हाय, मालक."

साहेबाला हसू आवरेना. "अहो, मिरास म्हणजे वारसा. शब्द अरबी. ज्यानं रान मोडून वाहितीत आणलं आणि ज्याच्या पोरांनी ते कसत ठेवलं, तो मिरासदार. तुमचा खापरपणजा नांगरामुळे मिरासदार झाला असेल, फेट्यामुळे नाही."

"आमालाच अर्थ शिकवायलाय!" म्हणत मुंजाजीराव तरातरा घरी आले. मागं साहेबानं कसणारा म्हणून आश्रुबाचं नाव लिहिलं. वर्षभरात रानही त्याच्याच नावावर चढलं.

केशरबाई दोन दिवस ढसाढसा रडली. तिसऱ्या दिवशी पदर खोचला, खुरपं घेतलं आणि त्याच रानात एकेक पात धरून खुरपणाऱ्या बायकांच्या रांगेत मजुरीला जाऊन उभी राहिली.

आश्रुबा ओशाळला. "मालकीणबाई, तुमी? मालक कुठं हायेत?"

"मालक घरी फेटा बांधायलेत. मी कोणती पात धरू, ते सांग."