जुन्या क्वाडला बर्फाचं पातं

श्यामकांतांनी उभ्या संसारात नंदाला कधी ‘नाही’ म्हटलं नव्हतं. नातेवाइकांत त्याचं केवढं कौतुक! कौतुक करणाऱ्यांचं काय जातंय, नांदायचं नंदाला होतं. हा माणूस ‘नाही’ म्हणायचं काम नेहमी दुसऱ्या कशाकडून तरी करवून घ्यायचा. मेहुण्याकडे जायचं नसलं की नेमकी कंबर धरायची. नवा सोफा नको असला की दुकानच बंद निघायचं. आणि तोंडावर आपलं, “तू म्हणशील तसं.”

या हिवाळ्यात त्यांनी बर्फाला पुढं केलं.

डच मुलखात, उइटहॉर्न गावाच्या बाहेर, पाण्याच्या दोन चरांच्या मधून विटांचा एक अरुंद रस्ता जातो. त्याच्या शेवटी यांचं घर आणि घराला लागून काचघर. त्या काचघरात नंदा मेथी, कोथिंबीर, अळू काढते आणि आसपासच्या भारतीय दुकानांना घालते. शाळा चौथीपर्यंत, पण तिच्या मेथीला नावं ठेवणारा दुकानदार अजून जन्मायचाय. रस्ता खाजगी, म्हणून खेमेंटेची, म्हणजे नगरपालिकेची, बर्फावर मीठ टाकणारी गाडी मोठ्या रस्त्यानं सरळ निघून जाते, इकडं मान वळवत नाही. मागच्या जानेवारीत बर्फ पडला तेव्हा श्यामकांतांना डायलिसिसला नेणारी टॅक्सी रस्त्याच्या तोंडाशी थांबली आणि परत गेली. पुढच्या खेपेलाही तेच. मग छातीत पाणी भरलं. शेजारच्या शेतकऱ्यानं ट्रॅक्टर घालून बर्फ सारला तेव्हा कुठं अँब्युलन्स आत आली.

तेही एक वेळ चाललं असतं. पण ऑक्टोबरात श्यामकांतांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, “डायलिसिस बंद केलं तर?” नंदा शेजारीच होती, म्हणून डचमधून विचारलं. हिला बाजारापुरतंच डच येतं, असं त्यांना वाटलं असावं. डॉक्टरीणबाई बराच वेळ बोलल्या, हळू बोलल्या. घरीच राहता येईल, दुखू देणार नाही, थोडे दिवस लागतील. नंदाला सगळं कळलं. घरी आल्यावर नंदानं भात लावला. तेव्हापासून तिच्या आत काहीतरी बधिर होऊन बसलं होतं, झोपेत अंगाखाली सापडलेल्या हातासारखं. हात आहे, दिसतोय, पण आपला नाही. ती पेरत होती, जुड्या बांधत होती, भांडत होती. कशाचंच काही वाटत नव्हतं.

डिसेंबरात एका सकाळी श्यामकांत फोनमध्ये हवामान बघत म्हणाले, “यंदा बर्फ बराच आहे म्हणतात.” पाहुणे येणार असल्यासारखं म्हणाले.

नंदानं चहाचं भांडं खाली ठेवलं. “येऊ दे. क्वाडला बर्फ सारायचं पातं बसवते.”

“कशाला उगाच?”

“टॅक्सी दारात यायला. आणखी कशाला?”

श्यामकांत म्हणाले, “तू म्हणशील तसं.”

क्वाड म्हणजे चार जाड चाकांची, मोटारसायकलसारखं हँडल असलेली गाडी. काचघरातले क्रेट ओढायला घेतली त्याला वीस वर्षं होत आली. चालवायची नंदा, दुरुस्त करायचे श्यामकांत. आता ते खुर्चीतून फारसे उठत नाहीत आणि क्वाड शेडमध्ये ताडपत्रीखाली.

शनिवारी डीमनहून लेक आली, संहिता. तिला घेऊन नंदा जुन्या शेतीअवजारांच्या एका वखारीत गेली. मालक हेंक, दाराएवढा उंच. त्यानं दोन पाती दाखवली. एक लोखंडाचं, रुंद, पिवळं. दुसरं जाड प्लास्टिकचं, अरुंद, खालच्या कडेला रबराची पट्टी.

नंदानं लोखंडावर बोटं वाजवली. “हे.”

हेंकनं क्वाडचं मॉडेल विचारलं, संगणकात घातलं आणि मान हलवली. संहितानं मराठीत सांगितलं, “आई, आपल्या क्वाडला पातं टांगायचा ब्रॅकेट आता कुणी बनवतच नाही. युनिव्हर्सल लावावा लागेल. आणि तो म्हणतो, लोखंडाचं जड पडेल. पुढचे स्प्रिंग जुने आहेत, बसतील.”

“त्याला म्हणावं, जुनं सगळंच बसत नाही. काही काही उभं असतं.”

“हे मी ट्रान्सलेट नाही करणार.”

हेंकनं खाली वाकून बोटानं अंगणातल्या विटांचे सांधे दाखवले आणि तळहात आडवा नेत एका जागी अडकवला. लोखंडाची कड वर आलेल्या विटेत अडकते, पातं उलटतं, कधी गाडीही. हे नंदाला भाषांतराशिवाय कळलं. त्यांच्या रस्त्याखाली मऊ माती, दरवर्षी विटा खालीवर होतात. सायकलवरून जाताना दात वाजतात.

“बरं, प्लास्टिकचं,” ती म्हणाली. “पण रंग काळा आहे, तेवढं बरंय. पिवळं असतं तर खेळणं वाटलं असतं.”

परतताना संहितानं गाडीतच विषय काढला. “आई, इतकं सगळं करण्यापेक्षा बर्फ असेल तेव्हा बाबांना माझ्याकडे आणू या. तिथं खाली ट्राम आहे.”

“चौथ्या मजल्यावर? आणि लिफ्ट बंद पडली की?”

“लिफ्ट कशाला बंद पडेल?”

“तुझ्या बाबांना नको असेल तेव्हा पडेल.”

संहिता हसली. नंदा हसली नाही. ऑक्टोबरातलं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी दोघींनी क्वाड शेडबाहेर काढली. नंदानं हँडलला हळदकुंकू लावलं. नवीन काही जोडायचं तर तेवढं करायचंच. संहितानं जमिनीवर पुठ्ठा टाकला आणि फोनवरचा व्हिडिओ लावून गाडीखाली शिरली. पातं दोन ठिकाणी टांगता येत होतं: अगदी पुढच्या नळीला, किंवा पोटाखाली मधोमध.

“पुढं लावू. पातं उंच उचललं जाईल,” खालून आवाज आला.

तेवढ्यात स्वयंपाकघराची खिडकी उघडली. श्यामकांत खुर्ची ओढत खिडकीशी आले होते. “पुढं नको लावू. ती नळी आतून गंजलीय.”

“बाबा, चांगली दिसतेय की.”

“मीच रंग लावला होता. म्हणून चांगली दिसतेय. मधे लाव.”

मग त्यांनी खिडकीतूनच सगळं सांगितलं. यू-बोल्ट एकदम आवळू नको, चारही आधी हातानं बसव. विंच, म्हणजे पातं वरखाली करणारी दोरीची चरखी, इंजिन बंद असताना चालवायची नाही, बॅटरी म्हातारी आहे. मागच्या जाळीवर मातीची पोती टाका, नाहीतर मागची चाकं नुसती फिरतील. पातं चराकडं तिरपं ठेव, काचेकडं नको, काचेवर बर्फ रेटला तर मेथी गेलीच म्हणून समज. कितीतरी दिवसांत ते एवढं बोलले नव्हते. नंदा हातात पाना धरून ऐकत होती. या आवाजानं आपल्याला बरं वाटायला पाहिजे, एवढं तिला कळत होतं.

“बघ, रंगात आले,” संहिता खालून कुजबुजली.

“बोल्ट आवळ तू,” नंदा म्हणाली.

जानेवारीत बर्फ आला. रविवारी दिवसभर पडला. श्यामकांत खिडकीशी बसून होते, शांत, जेवलेही नीट. सोमवारी नंदा उजाडायच्या आत उठली, श्यामकांतांचं जुनं जॅकेट चढवलं, मातीची पोती टाकली आणि क्वाडला चावी दिली. दोनदा खोकून तिसऱ्यांदा लागली.

पातं खाली सोडलं आणि ती निघाली. बर्फ पात्यावर गुंडाळला जाऊन चरात पडत होता. वर आलेल्या विटेवर रबर थडथडायचं आणि पुढं सरकायचं, अडकत नव्हतं. हेंकचं बरोबर होतं, पण ते तिनं त्याला कधीच सांगितलं नसतं. मोठ्या रस्त्यापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. दारापुढचा बर्फ तेवढा रेटून काचघराच्या कोपऱ्यात ढीग घातला. बोटं सुन्न झाली होती. ती बाकीच्या अंगाला येऊन मिळाली, एवढंच.

टॅक्सी दारात आली. ड्रायव्हर रमेश, सुरिनामचा, पूर्वज भारतातले, सिनेमातलं हिंदी बोलणारा. उतरून म्हणाला, “मौसी, क्या रास्ता बनाया! एअरपोर्टवालों को आपको बुलाना चाहिए.”

“पगार परवडायचा नाही त्यांना,” म्हणत नंदा आत गेली.

श्यामकांत खुर्चीत होते. कोट घातलेला नव्हता. बूट तसेच दाराशी.

“अहो, गाडी आलीय.”

“दिसली.”

“मग?”

ते खिडकीतून रस्त्याकडं बघत राहिले. रस्ता लख्ख मोकळा, काळ्या ओल्या विटांचा. त्यावर बोट ठेवायला काही उरलं नव्हतं.

“मला नाही जायचं, नंदा.”

तिच्या बुटांचं पाणी फरशीवर पसरत होतं. पुसायला हवं, असं तिच्या मनात आलं. “आज?”

“आज नाही, बुधवारी नाही. आता नाहीच. थकलो मी.”

“एवढं बोलायला मला अख्खा रस्ता साफ करायला लावलात.”

“तू पातं बसवलं नसतंस तर बोलावं लागलं नसतं.”

“म्हणूनच बसवलं,” नंदा म्हणाली. खरं तर हे बोलली तेव्हाच ते तिलाही कळलं. “मागच्या वर्षीसारखं तुम्हाला बर्फानं न्यायचं, मी ट्रॅक्टरवाल्याच्या नावानं ओरडत बसायचं, आणि तुम्ही आपले नामानिराळे. तसं नको होतं मला.”

श्यामकांतांनी मान हलवली. मग म्हणाले, “संहिताला सांगशील?”

“मी नाही सांगणार. तुमचं तोंड आहे अजून. आणि त्या डॉक्टरीणबाईंनाही तुम्हीच फोन करायचा. घरी कोण येणार, औषध काय देणार, सगळं नीट विचारायचं. मला बाजारापुरतंच डच येतं.”

ते तिच्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, “करतो.”

ती बाहेर आली. रमेश दार उघडून उभा होता.

“आज येत नाहीत ते,” ती म्हणाली.

“तबियत ठीक नहीं?”

‘झोप लागलीय’ असं जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं. “नको म्हणाले. यापुढंही नको म्हणाले. ते स्वतः फोन करतील, पण तू तुझ्या ऑफिसला सांग.”

रमेशनं दार हळू लावलं. टोपी काढली, पुन्हा घातली. तो गाडीत बसला आणि काच खाली केली. “मौसी, गाडी घुमाऊँ कहाँ?”

नंदानं बघितलं. गाड्या वळायच्या त्या काचघराच्या कोपऱ्यात. आणि दारापुढचा सगळा बर्फ तिनं तिथंच नेऊन रचला होता, छातीएवढा. टॅक्सी आत यायचाच विचार केला होता तिनं, परत जायचा नाही.

“थांब,” ती म्हणाली.

ती क्वाडवर चढली. इंजिन अजून गरम होतं. पातं सोडलं आणि ढिगाला कडेकडेनं भिडली. एकदम रेटलं तर चाकं फिरत होती, म्हणून थोडा थोडा ओरपून चरात लोटायला लागली. मागं यायची, पातं उचलायची, पुन्हा सोडायची. सुन्न बोटांना चरखीचं बटण जाणवत नव्हतं, ती बघून दाबत होती.

खिडकी उघडली. “डावीकडं गटाराचं झाकण आहे!” श्यामकांत ओरडले. आवाज फाटला. “पातं उचल तिथं!”

“माहितेय मला!” नंदाही ओरडली. तिला माहीत नव्हतं. तिनं पातं उचललं, झाकणावरून चाकं गेली, पुन्हा सोडलं.

जागा झाली. रमेशनं गाडी मागंपुढं करत वळवली, हात वर केला आणि रिकामी टॅक्सी मोकळ्या रस्त्यानं निघाली. नंदा क्वाडवर बसून राहिली. गाडी मोठ्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली तरी इंजिन चालूच होतं. मागं खिडकी तशीच सताड उघडी होती, आणि तिच्यात श्यामकांत, अंगात नुसता सदरा.

“खिडकी लावा आधी!” ती मागं न बघता ओरडली. “सर्दी होईल!”

खिडकी लागल्याचा आवाज आला, तेव्हा तिनं चावी फिरवली.