काचेला न कळलेली बोटं

नवा सूरसोबती दुकानात आला, तेव्हा पहिले तीन आठवडे त्याला कोणी हात लावला नाही. म्हणजे हात सगळे लावायचे, घ्यायचं कोणी नाही.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या त्या दुकानात मंगल काउंटरवर उभी राहायची. जत तालुक्यातल्या एका वस्तीवरून आलेली, मेंढरं राखणाऱ्याची मुलगी. तिला तिथं तिसरं वर्ष चालू होतं, आणि सूरसोबती विकण्यात तिचा हात धरणारं दुकानात कोणी नव्हतं. जेवणाच्या डब्याएवढी ती गाण्यांची पेटी. आत भजनं, पोवाडे, लावण्या, जुनी सिनेमातली गाणी, वर रेडिओ. घेणारे बहुतेक म्हातारे. जुन्या सूरसोबतीला समोर पाच जाड बटणं होती आणि आवाजाला गोल खुंटी, फिरवली की कट्‌कट् वाजणारी. नव्याला यातलं काहीच नव्हतं. बोटभर पातळ झाला होता, समोर नुसती काळी काच. बोट टेकवायचं की गाणं लागायचं. किंमत हजार रुपयांनी चढली होती.

गिऱ्हाइकं बोलायला कमी करायची नाहीत. एका निवृत्त सुभेदारांनी पेटी चारी बाजूंनी फिरवून पाहिली आणि विचारलं, "याचं तोंड कुठल्या बाजूला?" फलटणहून आलेल्या एका बाईंनी काचेत बघून केस सारखे केले आणि म्हणाल्या, "आरसा म्हणून बरा आहे."

मंगल हसायची आणि कंपनीच्या प्रशिक्षणात शिकवलेलं वाक्य म्हणायची. "दोन दिवसांत सवय होते, काका. अहो, लहान मुलांनासुद्धा येतं."

मग कंपनीने एकदम चौदाशे रुपये उतरवले. जुनी पेटी आणून दिली तर आणखी तीनशे कमी. दुकानाचे मॅनेजर वीरधवल यांनी दारात मोठा फलक लावला, आणि ज्यांनी नावं ठेवली होती तेच लोक जुन्या पेट्या पिशवीत घालून रांगेला उभे राहिले. सुभेदारही आले. "काय करणार, एवढ्यात मिळतोय म्हटल्यावर," असं स्वतःशीच बोलत त्यांनी बिलावर सही केली.

त्याच आठवड्यात मंगलनेही एक घेतला. आपल्या वडिलांसाठी.

तिचे आबा, कोंडीबा, जतच्या पलीकडं कर्नाटकाच्या अंगाला राहायचे. गावापासून दोन मैलांवर त्यांची वस्ती. तीस-पस्तीस मेंढरं, पाऊस पडला तर ज्वारी, नाही पडला तर टँकर. नजर मंद झाली होती. समोर माणूस आहे एवढं दिसायचं, कोण आहे ते आवाजावरून कळायचं. मंगलने पहिल्या पगारात त्यांना सूरसोबती नेऊन दिला होता. खरं तर तो आई, रंगुबाई, अंथरुणाला खिळली होती म्हणून. ती दीड वर्ष पडून होती, पेटी उशाशी. ती गेल्यावर आबा पेटी खांद्याला अडकवून मेंढरांमागं फिरायला लागले. संध्याकाळी शेजारच्या वस्तीवरचा आकाराम येऊन बसायचा, आणि दोघं म्हातारे पोवाडे ऐकत बसायचे.

डिसेंबरात यल्लम्माच्या जत्रेला मंगल गेली, तेव्हा पेटी दोन तासांतच मान टाकत होती. "बॅटरी बदलून आणते, आबा," म्हणून ती साताऱ्याला घेऊन आली. आणि इथं भाव उतरला. बॅटरीला पाचशे घालवायचे, की थोडे आणखी घालून नवाकोरा घ्यायचा? तिने फार विचार केला नाही. जुनी पेटी पुसताना बटणांवर तीन टिकल्या चिकटलेल्या दिसल्या. घासून निघेनात. बदलीत घ्यायची वस्तू स्वच्छ लागते, म्हणून तिने नखाने खरवडून काढल्या, आणि पेटी इतर पेट्यांच्या पोत्यात टाकली.

नवी पेटी तिने लालासाहेबांच्या हाती पाठवली. ते गावचे, फौजेतून आलेले. पेन्शनच्या कामाला साताऱ्यात आले होते. त्यांनी वस्तीवर जाऊन ती लावून दिली आणि फोन जोडून दिला. पलीकडून पोवाड्याची डफ-तुणतुणी ऐकू आली.

"आबा, वाजतोय न्हवं?"

"वाजतोय की! लय ग्वाड."

"जमंल ना तुमाला? लय सोपं हाय. ल्हान पोरांला बी येतंय."

पलीकडं क्षणभर नुसता डफ वाजत राहिला. मग आबा म्हणाले, "मग मला न यायला काय झालं?"

"आनि माजा जुना?" त्यांनी विचारलं.

"त्यो हाय दुकानात," मंगल म्हणाली. गिऱ्हाईक समोर उभं होतं. तिने फोन ठेवला.

महिन्याने कंपनीचा आदेश आला, प्रत्येक खरेदीदाराचं मत घ्या. मंगलने सगळ्यांना फोन केले, आबांनाही. गंमत म्हणून तिने त्यांच्याशी दुकानातल्या आवाजात बोलायला सुरुवात केली. "नमस्कार कोंडीबा, आपल्या सूरसोबतीला पाचपैकी किती गुण द्याल?"

आबा हसले. "किती दिलं म्हंजी तुला बरं?"

"पाच."

"मग पाच लिव."

तिने पाच लिहिले.

जूनच्या अखेरीस दुकानाची रचना बदलायचं काम निघालं आणि चार दिवसांची सुट्टी मिळाली. कळवलं तर आबा उगाच एस.टी.च्या फाट्यावर येऊन उभे राहतील, म्हणून ती न सांगता निघाली. मिरजेला गाडी बदलून, जतला बदलून, दुपार कलताना वस्तीवर पोचली. आबा मेंढरं घेऊन गेले होते. पेटी त्यांच्याबरोबर असेल असं धरून ती आत आली, आणि पाणी प्यायला तांब्या काढताना फळीवर तिला खोका दिसला.

खोका आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात नीट बांधलेला होता. फडक्यावर धूळ. आत सूरसोबती. काचेवरचा पातळ कागदसुद्धा निघालेला नव्हता. तिने बोट टेकवलं. बॅटरी कधीचीच संपलेली होती.

ती फळीखाली तशीच बसून राहिली. बाहेर मेंढरांचा आवाज आला, मग आबांची काठी. आत कोणीतरी बसलेलं दिसताच ते दारातच थांबले.

"कोन हाय?"

"मी हाय, आबा."

"मंगल? आगं, कवा आलीस?" त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच ते घाईघाईने बोलायला लागले. "आत्ताच बंद केला बग. सकाळधरनं वाजवत हुतो. म्हनलं थोडा इसावा दिऊ त्येला बी."

मंगलने आयुष्यात त्यांना कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. खोटं बोलण्याची सवय नसलेल्या माणसाचं खोटं होतं ते, कोणी विचारायच्या आधीच सांगितलेलं.

"आबा," ती म्हणाली, "त्येच्यावर धूळ हाय."

त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि ते उंबऱ्यावर बसले.

तिने पेटी चार्जिंगला लावली. थोडी चार्ज झाल्यावर त्यांच्या मांडीवर ठेवली, त्यांचं बोट धरून काचेवर टेकवलं. काही झालं नाही. पुन्हा टेकवलं. दाबलं. नाही. तिने आपलं बोट लावलं, लगेच गाणं सुरू झालं. बंद करून पुन्हा आबांचं बोट लावलं. काच काळीच राहिली. तेव्हा तिने त्यांची बोटं उलटी करून पाहिली. पन्नास वर्षं लोकर कातरून, काटेरी झुडपं तोडून, लेंडीखत उपसून टोकांची कातडी चामड्यासारखी झाली होती. तिच्यावर भेगा, भेगांत माती. त्या काचेला ते माणसाचं बोट आहे हेच कळत नव्हतं.

"पान्यात बुडवून बी बगितलं," आबा म्हणाले. "त्याल लावून बगितलं. आकारामचं बी तसंच. दोन डाव लालासायबाकडं गेलो गावात, त्येनं लावून दिला. वस्तीवर येस्तवर कुटं तरी हात लागायचा आनि बंद पडायचा. रोज उठून कुनाच्या दारात जायाचं?"

"मला का न्हाई सांगितलं?"

"तू म्हनलीस, ल्हान पोरांला बी येतंय." ते अपराध्यासारखे हसले. "मग मला सांगवंना. तू पैसं घालून धाडलेलं. दुकानात तुला ह्येच इकायचं. म्हनलं, बापालाच येत न्हाई म्हनल्यावर पोरीला काय वाटंल?"

पाच महिने. मंगल मनात मोजत राहिली. पाच महिने दर रविवारी तिने विचारलं होतं, ऐकताय ना, आणि दर रविवारी त्यांनी सांगितलं होतं, ऐकतोय की.

"आकारामकाका येत न्हाईत आता?"

"ऐकायला कायच न्हाई, मग बसून काय करंल? गावात जातोय देवळापाशी. तिथं टीव्ही हाय."

बाहेर टँकर आल्याची आरोळी झाली. दोघं घागरी घेऊन गेले आणि भरून आले. भाकरी झाली, जेवण झालं. मग आबा हात धुताना म्हणाले, "माजा जुनाच आन की गं. तू म्हनलीस दुकानात हाय म्हून. बॅटरी कमी चालली तरी चालंल. तुज्या आयनं त्येच्यावर टिकल्या लावल्या हुत्या. मला दिसत न्हाई म्हून. वरची रेडिओची, मधली गान्याची, खालची बंद करायची. हाताला घावायच्या. माज्यामागं कुनाला इचारू नगा, म्हनली, बोटानंच बगा."

ताटं गोळा करणारी मंगल थांबली. तिचं नख, त्या तीन टिकल्या, काउंटरच्या कडेला झटकलेला तो चुरा. तिला सगळं आठवलं.

"आनते," ती म्हणाली. खरं सांगायला तोंडच उघडलं नाही.

दोन दिवस लवकरच ती साताऱ्याला परतली आणि थेट वीरधवलांकडं गेली. ते भले गृहस्थ होते, पण त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. "अगं, ती पोती मार्चमध्येच गेली," ते म्हणाले आणि त्यांनी भंगारवाल्याचा पत्ता दिला.

औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला अल्लाबक्ष यांचं पत्र्याचं गोदाम होतं. ते आणि त्यांची बायको शकिला, दोघं पाटावर बसून जुनी यंत्रं खोलत होते. एका बाजूला स्पीकर, एका बाजूला बॅटऱ्या, आणि मागं कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या कवचांचा कंबरेएवढा ढीग. मंगलने काय शोधतेय ते सांगितलं. अल्लाबक्षांनी मान हलवली. "बेटी, ते सगळं खोलून झालं. आतलं पुण्याला गेलं." पण तिने ऐकलं नाही. ती त्या ढिगात वाकून एकेक कवच बघायला लागली. सगळी सारखी होती. तिनेच तर आबांच्या पेटीवरची ओळख पुसून टाकली होती.

शकिला उठल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला बाजेवर बसवलं. "किसका था?" त्यांनी विचारलं. मंगलने सांगितलं. शकिला आत गेल्या आणि एक चालू सूरसोबती घेऊन आल्या, जुन्याच नमुन्याचा. स्वयंपाक करताना त्या तो लावायच्या. "हा घेऊन जा वडिलांना," त्या म्हणाल्या. पैसे घ्यायला तयार झाल्या नाहीत. वस्तीवरून परत आणलेली नवी पेटी मंगलने तिथंच ठेवली. त्या नको नको म्हणत होत्या, तरी ठेवली.

पुढच्या रविवारी ती पुन्हा वस्तीवर गेली. वाटेत, जतच्या बाजारात, तिच्या मनात आलं होतं की टिकल्यांचं पाकीट घ्यावं. दुकानासमोर ती थांबलीही. मग न घेताच पुढं गेली.

आबांनी पेटी हातात घेतली. अंगठा समोरून फिरवला, वरून खाली, पुन्हा खालून वर.

"ह्यो आपला न्हवं," ते म्हणाले.

"न्हाई." आणि तिने सगळं सांगितलं. बदलीत दिलेली पेटी, पोतं, गोदाम. आणि नख.

आबांनी ऐकून घेतलं. रागावले असते तर तिला सोसलं असतं. ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "सजासजी निगाल्या का गं?"

"न्हाई, आबा. लय घट हुत्या."

"बाबळीचा डिंक लावला हुता तिनं. मीच आनून दिला हुता." त्यांनी मान हलवली. "तुला काय ठावं. कुनी सांगितलं हुतं तुला?"

मंगल त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. त्यांचा खरखरीत हात तिच्या केसांवरून फिरत राहिला.

ती पेटी त्यांनी ठेवून घेतली. कधी लावतात, कधी नाही. आकाराम परत यायला लागला नाही. त्याला टीव्हीची सवय झाली होती. रविवारचे फोन चालू राहिले. पण आता "बरं हाय" म्हटल्यावर मंगलला काही कळायचं नाही. पूर्वी ती त्या दोन शब्दांवर फोन ठेवून निवांत झोपायची. आता तेच शब्द ती तासभर मनात उलटेपालटे करायची.

ऑक्टोबरात लालासाहेब पुन्हा पेन्शनच्या कामाला आले आणि सहज दुकानात डोकावले. बोलता बोलता म्हणाले, "कोंडीबा आता बरा हाय. आठ दिस तापानं फणफणला हुता. सलाईन लावाय लागलं."

त्या आठ दिवसांत मंगल त्यांच्याशी दोनदा बोलली होती. दोन्ही वेळा आबा हसून बोलले होते.

तिने मागच्या खोलीत जाऊन फोन लावला. "आबा, ताप आला तर सांगितलं का न्हाई मला?"

"आगं, सांगून काय करनार हुतीस? तुला सुट्टी न्हाई." आणि मग नेहमीसारखं, "आता बरं हाय."

"खरंच?"

"खरंच की."

ती खोक्यांच्या थप्पीला टेकून खाली बसली. बाहेर दिवाळीची गर्दी होती. सूरसोबतीचा भाव त्या सकाळीच आणखी पाचशेने उतरला होता. वीरधवलांनी दोनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला तिने तोंड धुतलं, ओढणीने पुसलं, आणि ती काउंटरवर जाऊन उभी राहिली.