"येते" म्हणून ठेव

आमच्या लेकीला फोन ठेवायची रीत नाही. "बरं, येते" नाही, "जप" नाही. बोलता बोलता खटकन बंद.

भांडून गेली होती, लांब, नोकरीच्या गावी. मीही म्हटलं, जा. कित्येक महिने तोंडाला कुलूप, आणि आता आठवडाभर रोज फोन. तोही दुपारी, घर पेंगत असताना. आवाज पाण्याखालून आल्यासारखा. "आई, एक विचारायचं होतं..." पुढे तो बारीक होत जायचा, आणि मग काहीच नाही. मी उलट लावत नसे. ठेवायचा तिनं आणि लावायचा मी? एवढी काही मी रस्त्यावर पडलेली नाही.

धाकट्या मुलानं मनावर घेतलं. "आई, इथे रेंज नाही." रेंज म्हणजे जसं काही पाखरू, आत्ता या फांदीवर, मग त्या. त्यानं फोन बंद करून चालू केला, सिम सदऱ्याला पुसून परत घातलं, मला खिडकीत उभं केलं. तिथेही तुटला. मग गच्चीवर, पाण्याच्या टाकीशी, वाळत घातलेल्या चादरींच्या मधोमध.

तिथे सगळं पांढरं. वारा चादरी फुगवत होता. लेकीचा आवाज इतका जवळून आला की वाटलं, पलीकडच्या चादरीआड उभी आहे, परकर-पोलक्यातली, लपाछपी खेळत. "आई, मी..." मी हात पुढे केला. हाताला नुसती चादर लागली. फोन बंद.

"टॉवरच भिकार," धाकटा म्हणाला.

"टॉवरला काय कळतं रे? नेमका 'मी'वरच कसा झोपतो मेला?"

सून, धाकट्याची बायको, चादरी काढायला आली होती. टोकं जुळवता जुळवता माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात परत वाजला.

"आई, दर वेळी कापतेस का गं? इतका राग?"

"मी कापते? चोराच्या उलट्या बोंबा!"

लेकीचा आवाज बारीक, अगदी बारीक. ऐकू यावा म्हणून मी फोन गालाशी धरला, झोपलेल्या बाळाचं डोकं धरावं तसा.

"आई, थांबा!" सुनेनं माझं मनगट ओढलं. "तुमचा गाल लाल बटण दाबतोय! कानाशी नेलं की स्क्रीन काळी व्हायला हवी. ह्यांनी फोनवर ती जाड काच चिकटवली ना, तेव्हापासून उजळलेलीच राहते."

"काच तुझीच ना रे, दिवट्या?" धाकटा टाकीमागे पसार.

सुनेनं स्पीकर लावला. फोन मी गालापासून लांब, तळहातावर धरला, दिवा धरावा तसा. चादरी हलत होत्या.

"आई? आहेस ना? मी... घरी येऊ का? राहायलाच."

म्हणजे आठवडाभर मी हेच गालानं पुसत होते.

"ऐक," मी म्हटलं. "विचारून येतात ते पाहुणे. तू विचारलंस, ही तुझी चूक. आणि आता फोन तूच ठेवायचा, पण 'येते' म्हणून."