लिंबूकाकांचा चौथा ठिपका

मित्रांनो, माझे झाकण उघडणार असाल तर आधी बाही वर करा. वय झाले असले तरी डाग पाडण्याची माझी ताकद अजून गेलेली नाही. मी एक जुना शाईचा पॅड आहे. पत्र्याची चपटी डबी, आत वीतभर लांब लोकरीची गादी आणि तिच्यावर पातळ कापड, एवढाच माझा संसार. माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेले बहुतेक पॅड कचेऱ्यांत गेले. मी मात्र गेलो बॉक्सिंगच्या सभागृहात, तिकीट खिडकीवर.

खिडकीत तिकीटबाई बसत. रबरी शिक्का माझ्यावर टेकवायचा आणि तिकिटावर तारीख उमटवायची, हे त्यांचे काम. तारखेशिवाय कागद बाहेर गेला तर त्यांना जेवण गोड लागत नसे. दर शनिवारी त्या मला सहा थेंब शाई पाजत. पाच नाही, सात नाही.

अशा शिस्तीच्या खिडकीवर एक दिवस लिंबूकाका येऊन थडकले. ते सर्वांत वजनदार गटातले विजेते. अंगात लिंबाच्या रंगाचा लांब कोट, टोपीला पीस, आणि आवाज असा की काच थरथरावी. प्रतिस्पर्धी कितव्या फेरीत पडणार हे ते सामन्याआधीच जाहीर करत. तो त्या फेरीत पडला नाही तर म्हणत, "त्याला मोजता येत नाही, त्यात माझा काय दोष?"

मुले सहीसाठी त्यांना गराडा घालत. पण सही करायची म्हणजे काकांना घाम फुटे. जीभ दाताखाली धरून ते एकेक अक्षर कोरत. "शाळा आणि मी, तिसरीतच सामना बरोबरीत सुटला," असे सांगून हसत.

त्या दिवशी सह्यांची रांग तिकिटांच्या रांगेत घुसली आणि बाईंचा पारा चढला. "अहो, अंगठा लावा आणि मोकळे व्हा!"

"अंगठा? बाई, मी बॉक्सर आहे. मूठ लावतो!"

असे म्हणून त्यांनी उजवी मूठ माझ्या गादीत रोवली. मुठीच्या माथ्यावरचे चार उंचवटे माझ्यात रुतले आणि कागदावर चार जांभळे ठिपके उमटले. बाईंनी सवयीने खाली तारीख मारली. तेव्हापासून तीच त्यांची सही ठरली. चार ठिपके, खाली तारीख. मला तर आभाळ ठेंगणे झाले.

या सह्यांचा सर्वांत मोठा संग्राहक बाईंच्या घरातच होता. त्यांचे यजमान घड्याळे दुरुस्त करत. प्रत्येक सामन्याआधी ते मुलांबरोबर रांगेत उभे राहत, कारण बायको खिडकीत आहे म्हणून पुढे घुसणे त्यांना पटत नसे, आणि बाईंनी घुसूही दिले नसते. ते एक वही ठेवत. सामना एक, पान एक.

"घरात बायकोचा एक फोटो लावला नाही," बाई म्हणत, "आणि परक्या माणसाचे चाळीस ठोसे जपून ठेवलेत!"

वहीतल्या एकेचाळीसाव्या सामन्याला बारा दिवस असताना काका नेहमीसारखे खिडकीवर आले. त्यांची मूठ माझ्यावर टेकली आणि मी चरकलो. ती हलकी होती, आणि माझ्या गादीत चारऐवजी तीनच खड्डे पडले. करंगळीच्या मागचा उंचवटा लागलाच नाही. मला कळले, पण सांगणार कसे? मला डाग पाडता येतात, बोलता येत नाही.

बाईंनी कागद पाहिला. "शाई वाळलेली दिसतेय." बुधवार असूनही त्यांनी मला सहा थेंब पाजले. "हं, परत लावा. नीट दाबा हो! एवढे धिप्पाड तुम्ही, आणि शाईला घाबरता?"

"बाई, तुमच्यापुढे भलेभले घाबरतात," काका हसले आणि त्यांनी जोर दिला. त्यांच्या कपाळावरचा घाम टपकन माझ्या झाकणावर पडला. अशा आठ मुलांच्या आठ सह्या बाईंनी त्यांच्याकडून दोनदोनदा करून घेतल्या. नववी सही होती घड्याळवाल्यांच्या वहीतली.

त्या सामन्यात काकांनी उजवा हात एकदाही उचलला नाही. दुसऱ्याच फेरीत ते खाली पडले. "पैसे खाऊन हरला! विकला गेला!" सभागृह दणाणले. दुसऱ्या दिवशी खिडकीसमोर जांभळ्या ठिपक्यांचे कपटे पसरले होते. बॉक्सिंग मंडळाने ठरवले की महिनाअखेरीस विजेत्यांच्या फलकावरून काकांचे नाव खरवडून काढायचे. आणि एरवी सतत बोलणारे काका आपल्या खोलीचे दार लावून बसले.

पुढच्या रविवारी कापड बदलण्यासाठी बाईंनी मला घरी नेले. घड्याळवाले वही उघडून बसले होते.

"अजून ठेवलीत? टाका फाडून," बाई म्हणाल्या.

"तारीख घातलेला कागद फाडू नये, हे तूच शिकवलंस." त्यांनी डोळ्याला भिंग लावले. "हे बघ. चाळीस पानांवर चार ठिपके आहेत. शेवटच्या पानावर तीनच."

"शाई कमी पडली असेल. त्या दिवशी पॅड वाळला होता, म्हणून मी..." बाई थांबल्या. "मी शाई घातली होती. दोनदा दाबायला लावलं होतं."

दोघे पानावर वाकले. तीन ठिपके इतके ओथंबलेले होते की एकमेकांत मिसळले होते. चौथ्याची जागा कोरी होती.

"म्हणजे शाईचा दोष नाही," घड्याळवाले हळूच म्हणाले. "करंगळीमागचं हाड मोडलं की तो उंचवटा आत बसतो. सामन्याच्या बारा दिवस आधीच हात मोडलेला होता. पण एका टोल्यावरून घड्याळ बरोबर आहे असं म्हणता येत नाही. त्या दिवशीचे आणखी कागद हवेत."

मग दोघांनी त्या आठ मुलांची घरे पालथी घातली. तीन सह्या कचऱ्यात गेल्या होत्या. एक टेबलाच्या पायाखाली सापडली, एक पुस्तकात खूण म्हणून, दोन रद्दीत. आठवी एका मुलीच्या कंपासपेटीत होती, चार तुकड्यांत. रागाने फाडली होती, पण टाकवली नव्हती. पाचही सह्यांत तीनच ठिपके होते.

ते सारे कागद आणि मला पिशवीत घालून दोघे काकांच्या खोलीवर गेले. काकांनी कागद पाहिले आणि उजवा हात कोटाच्या खिशात लपवला.

"फाडून टाका."

"का हो?"

"हरल्यावर हाताचं रडगाणं गाणारा मी नव्हे. आधी सांगितलं असतं तर डॉक्टरांनी उतरू दिलं नसतं. वाटलं, डावा पुरेल. नाही पुरला. विषय संपला."

"तुमचा संपला असेल, माझा नाही!" बाई उसळल्या. "मोडलेल्या हातावर मी दोनदोनदा जोर द्यायला लावला. आता कळल्यावरही गप्प बसू?"

काकांनी खिशातला हात बाहेर काढला. मग ते नेहमीचे गडगडाटी हसू आले. "बाई, सगळ्या सामन्यांत मिळून एवढं कुणी नाही दुखावलं मला. खऱ्या चॅम्पियन तुम्हीच. सांगा जाऊन. पण मी रडलो असं सांगू नका."

मंडळाच्या टेबलावर सहा कागद ओळीने ठेवले गेले. "हे मागाहून केलेले नाहीत कशावरून?" अध्यक्षांनी विचारले. बाईंनी फक्त तारखेवर बोट ठेवले. त्यांच्या तारखेवर शंका घेण्याची छाती तिथे कुणाला नव्हती. मंडळाच्या डॉक्टरांनी काकांची मूठ चाचपली आणि मान डोलावली. दुखापत लपवल्याबद्दल काकांची चांगलीच हजेरी घेतली गेली, आणि ती त्यांनी मान खाली घालून ऐकली. पण फलकावरचे नाव जागेवर राहिले.

मुले परत आली, आधी दूर उभी राहून, मग खिडकीला चिकटून. कंपासपेटीवाल्या मुलीने नवी सही मागितली. काकांनी तिचे चार तुकडे मागच्या बाजूने चिकटवून दिले आणि म्हणाले, "हीच ठेव. ही करताना मी खूप मेहनत घेतलीय."

मित्रांनो, आता सभागृहात छापील तिकिटे आली आहेत आणि मी घड्याळवाल्यांच्या खणात असतो. माझे झाकण घट्ट लावा, नाहीतर मी वाळून जाईन. कुणी प्रेमाने काही लिहून दिले तर खाली तारीख घाला. आणि कधी त्याच माणसाचा संताप येऊन तो कागद फाडावासा वाटला, तर आधी त्याच्याकडे जा आणि विचारा, काय झालं होतं? माझ्यापाशी उत्तर होते, पण तोंड नव्हते. तुम्हाला तोंड आहे.