तीन क्रेदोंची घंटा

"आज क्रेदो तुझ्या बापानं शिकवला तसाच म्हण," होनोरिओ म्हणाला. "एक अक्षर लांबवायचं नाही. काय?"

सेव्हेरिनो घंटाघराची किल्ली कुलपात फिरवत होता. किल्ली वीतभर लांब आणि कुलूप तिच्याहून हट्टी, त्यामुळे उत्तराला वेळ लागला.

"बाप भराभर म्हणायचा," तो म्हणाला. "त्याच्या तोंडात दात होते."

"थट्टा नको. सोरियाच्या जिल्हा कचेरीतून माणूस येऊन बसलाय, सचिवबाई घड्याळ बघतायत. आपल्याकडे रीतसर काम होतं हे त्यांना दिसू दे."

"तू सरपंच. तू म्हणशील तसं."

"मी म्हणतो म्हणून नाही रे. रीत म्हणते म्हणून." एवढं बोलून होनोरिओ चावडीकडे वळला. दोन पावलं जाऊन पुन्हा थांबला. खाली कारंज्याच्या उताराकडे बघितलं आणि कोटाची कॉलर वर केली.

वाल्देकार्दोसची रीत साधी होती. इतक्या लहान गावात निवडून दिलेले सदस्य नसतात. गावाच्या यादीत ज्याचं नाव लागलंय तो प्रत्येक जण सदस्य, आणि चावडीत जमून हात वर करायचा की झाला कारभार. सभेची वेळ कागदावर लिहीत, पण सभा सुरू होई ती घंटेवर. घंटा वाजवणाऱ्यानं दोर ओढत राहून तीन वेळा क्रेदो, म्हणजे चर्चमधल्या मिस्सेतली श्रद्धेची प्रार्थना, मनात म्हणायची. तिसरं आमेन झालं की दोर सोडायचा. दोर सुटला की चावडीचं दार बंद. उशिरा आलेल्यानं खिडकीबाहेर उभं राहून खुशाल ऐकावं, शिव्या द्याव्यात, पण त्याचा हात मोजायचा नाही. दार किलकिलं ठेवायचं ते फक्त घंटा वाजवून खाली उतरणाऱ्यासाठी. पूर्वी उशीर करणाऱ्याला सुरईभर वाइनचा दंड असे. आता दंड भरण्यासारखे गडी राहिले नव्हते आणि दंडाची वाइन पिणारेही.

सेव्हेरिनो हा गावसभेचा शिपाई. दवंडी पिटायची, पाण्याच्या टाकीत औषध टाकायचं, जत्रेला झेंडे लावायचे, मेलेल्यांसाठी खड्डा खणायचा, ही सगळी कामं त्याचीच. त्याच्या आधी बापाची होती. गेल्या काही वर्षांत त्याचा क्रेदो लांबत चालला होता, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. गावाचे गुडघे जसजसे धरत गेले तसतशी प्रार्थना सावकाश झाली. लोक चिडवायचे. "काका, आज मध्ये किती संत घुसडलेत?" असं कुणी विचारलं की सेव्हेरिनो म्हणायचा, "देवाला घाई नाही, तुम्हालाच आहे."

आज मात्र सभेपुढे एकच विषय होता. वाल्देकार्दोसची गावसभा मोडायची आणि गाव दरीपलीकडच्या बार्कालेसला जोडायचं, की नाही.

होनोरिओ विरोधात होता. सिंहाची शेपटी होण्यापेक्षा उंदराचं डोकं बरं, हे तो महिनाभर दारोदार सांगत फिरत होता. बेनिग्नाच्या दारातही त्यानं ते सांगितलं होतं. ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "डोकं म्हातारं झालंय बाबा. त्याला डॉक्टर लागतो."

कुणाचा हात कुठे जाणार हे लहान गावात लपत नाही. माणसं बोटांवर मोजण्यासारखी, त्यामुळे सेव्हेरिनोनंही ती बोटांवरच मोजली होती. त्याचा स्वतःचा हात विरोधात धरला तर बरोबरी होत होती, आणि बरोबरी झाली की सरपंच सांगेल ते खरं. पण हा हिशेब बेनिग्नाला सोडून होता. बेनिग्ना आली तर जोडणीवाले एकानं पुढे जात होते.

दर सभेला होनोरिओ तिला आपल्या गाडीतून वर घेऊन यायचा. आज तो विसरला होता.

सेव्हेरिनो जिना चढला. मधल्या मजल्यावर दोर लोंबत होता आणि समोर एक अरुंद खिडकी. तिच्यातून कारंज्याचा सगळा उतार दिसायचा, खाली शेवटचं घर बेनिग्नाचं. नोव्हेंबरचं ऊन पडलं होतं, पण त्यात ऊब नव्हती. घराच्या दारात हालचाल दिसली आणि दोन काठ्यांवर भार देत ती बाहेर आली. काळा कोट, डोक्याला रुमाल. मिस्सेला घालतात ते बूट.

त्यानं टोपी काढून कठड्यावर ठेवली आणि दोर ओढला.

पहिला क्रेदो नेहमीसारखा गेला. चौकातून लोक चावडीत शिरत होते. धनगर आनास्तासिओ बायकोला पुढे घालून गेला. सुट्टीपुरते येऊन "गाव वाचवा" म्हणून ओरडणाऱ्या, बिलबाओ शहरात जाऊन राहिलेल्यांपैकी अर्थात कुणीच नव्हतं. त्यांची नावं बिलबाओत लागलेली, आणि नोव्हेंबरात इथे शेकोटी पेटवायला त्यांच्यातलं कोण येतंय!

दुसरा क्रेदो संपला तेव्हा बेनिग्ना गुरांच्या हौदापाशी पोचली होती. तिथे ती थांबली. एक काठी हौदाला टेकवून तिनं गुडघ्यावरून हात फिरवला.

तिला लवकर चालता येत नव्हतं, आणि ती का येते आहे हे सेव्हेरिनोला ठाऊक होतं. गेल्या जानेवारीत तिचा नवरा लोरेन्झो छाती धरून बसला. सेव्हेरिनोचा पत्त्यांमधला भिडू, चाळीस वर्षं हातात चांगली पानं आली की कान खाजवणारा आणि म्हणून कायम हरणारा. रात्रभर बर्फ पडलं होतं. बार्कालेसचं बर्फ लोटणारं यंत्र रस्ता साफ करत शिवेच्या दगडापर्यंत आलं आणि तिथून वळून परत गेलं. त्याच्यामागून आलेली रुग्णवाहिका दगडापाशी उभी राहिली. यंत्र चालवणारा काही वाईट माणूस नव्हता. दगडाच्या पुढे दुसरी गावसभा, तिथलं बर्फ तिचं, असं त्याला सांगितलेलं होतं आणि तो नाकासमोर चालला. वाल्देकार्दोसचं यंत्र म्हणजे होनोरिओचा ट्रॅक्टर. त्या थंडीत तो चालूच होईना. मग चौघांनी दार बिजागरीतून काढलं, लोरेन्झोला त्याच्यावर निजवलं आणि कमरेइतक्या बर्फातून निघाले. पुढच्या बाजूला होनोरिओ आणि सेव्हेरिनो. दगड दिसायला लागला तेव्हा लोरेन्झो म्हणाला, "सेव्हे, पानं वाटलीस का?" आणि दगडाशी पोचेपर्यंत तो गेला होता.

परत येताना होनोरिओ रडत होता. हे सेव्हेरिनोनं कुणाला सांगितलं नाही.

तिसरा क्रेदो त्यानं सुरू केला. बापाच्या मापानं म्हणायचा ठरवला आणि म्हणूही लागला. झारागोझा शहरात त्याचा मुलगा दामियान राहत होता, चौथ्या मजल्यावर, लिफ्टच्या इमारतीत. दर रविवारी फोनवर एकच घोषा. "बाबा, एकटे काय करता तिथे? खोली तयार आहे तुमची." आणि सेव्हेरिनोचं उत्तरही एकच. "गावसभेचा शिपाई आहे मी. शिपाई गाव सोडून कसा जाईल?" परवा दामियान हळूच म्हणाला होता, "आणि गावसभाच उरली नाही तर?" बार्कालेसला त्यांचा शिपाई होता, तिशीतला, मोटरसायकलवाला. चौथ्या मजल्यावरच्या खोलीत सेव्हेरिनो एकदा राहून आला होता. खिडकीतून समोरची खिडकी दिसायची. त्याला त्या खोलीची भीती वाटायची, अगदी लहान मुलाला वाटते तशी.

बेनिग्ना हौदापासून निघाली होती. अजून चढ होता, मग चौक होता.

त्याच्या ओठांवर आमेन आलं. बापाच्या मापानं तिसरं आमेन. दोर सोडला तर कुणी बोट ठेवू शकत नव्हतं, ना सोरियाचा माणूस, ना पाद्री, ना खुद्द बेनिग्ना. रीत म्हणजे रीत.

तिनं वर बघितलं. त्या अरुंद खिडकीत माणूस दिसत नाही हे तिलाही माहीत होतं. ती हात हलवत नव्हती, विनवत नव्हती, घंटा अजून चालू आहे ना एवढंच ऐकत होती. ती वाजत राहील याची तिला खात्री असावी, कारण तिनं पुन्हा मान खाली घातली आणि काठी पुढे टाकली.

सेव्हेरिनोला तिचा राग आला. मग स्वतःचा आला. आनास्तासिओच्या आईसाठी तो थांबला होता, लंगड्या पोर्फिरिओसाठी थांबला होता, होनोरिओची गाय विताना होनोरिओसाठी तर चांगला जपमाळेभर थांबला होता. आत येऊन कोण कुठे हात वर करणार हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. आजच विचारलं तर मग इतकी वर्षं तो घंटा वाजवत होता की आणखी काय करत होता?

त्यानं दोर ओढला. क्रेदो पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, आणि आता मनात नाही, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणू लागला. खांदे भरून आले. खाली चौकात होनोरिओ चावडीच्या दारात येऊन वर बघत उभा राहिला. घंटा वाजतच होती. बेनिग्ना चौकात आली, त्याच्या शेजारून गेली आणि आत शिरली. होनोरिओनं तिला पायरीवर हात दिला. तो द्यावाच लागला असणार.

सेव्हेरिनोनं आमेन म्हणून दोर सोडला.

तो खाली उतरून चावडीत आला तेव्हा सगळे बसले होते. शेगडीतले निखारे फुलले होते. होनोरिओ दार लावायच्या निमित्तानं त्याच्याजवळ आला.

"चौथा म्हटलास तू," तो दातांत बोलला.

"तिसराच होता. जरा सावकाश झाला."

"खोटं बोलतोस."

"दात नाहीत रे मला," सेव्हेरिनो म्हणाला आणि कडेच्या बाकावर जाऊन बसला.

सचिवबाईंनी ठराव वाचला. सोरियाहून आलेल्या तरुण माणसानं बार्कालेसची म्हाताऱ्यांसाठीची मदतनीस रोज कुठल्या कुठल्या घरी येईल, बर्फाचं यंत्र कुठवर येईल ते सांगितलं. कुणी प्रश्न विचारला नाही. होनोरिओनं घसा साफ केला. बोलायला त्यानं बरंच काही ठरवून आणलं असावं, पण तो एवढंच म्हणाला, "जोडायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

हात वर झाले. बेनिग्नाचा सगळ्यात शेवटी, कारण आधी काठी खाली ठेवावी लागली.

"विरोधात?"

सेव्हेरिनोनं हात वर केला. सरळ, कोपर न वाकवता. बेनिग्नानं वळून त्याच्याकडे बघितलं आणि बघतच राहिली. त्याचा हात विरोधात जाणार हे तिला माहीत होतं. तरी तो वर झालेला बघून तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

एकाच हाताच्या फरकानं ठराव मंजूर झाला. होनोरिओनं सरपंचाची मानाची काठी टेबलावर आडवी ठेवली आणि ती कुणाकडे द्यायची हे न कळून तशीच राहू दिली. सोरियाच्या माणसानं टाळी वाजवायला हात उचलले होते, ते त्यानं मांडीवर ठेवले.

बाहेर पडताना बेनिग्ना सेव्हेरिनोपाशी थांबली.

"लांबला तुझा क्रेदो," ती म्हणाली.

"तू लांब राहतेस."

"सोडायचा होतास दोर. मी काही बोलले नसते."

"माहीत आहे."

तिनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला. मग म्हणाली, "लसणाचं सूप केलंय. भांड्यात फार झालं. अजून दोघांपुरतंच होतं माझ्या हातून." तो बरोबर निघाला. उतारावर त्यानं तिची एक काठी घेतली आणि आपला दंड धरायला दिला.

जानेवारीत पहिलं मोठं बर्फ पडलं. सेव्हेरिनो उजाडताच फावडं घेऊन घंटाघराच्या दाराशी गेला आणि वाट मोकळी करू लागला. ही वाट आता कुणालाच लागत नव्हती. किल्ली त्यानं डिसेंबरात बार्कालेसच्या कचेरीत नेऊन दिली होती. त्यांनी एवढी मोठी किल्ली ठेवायची कुठे म्हणून हसत हसत खिळ्याला अडकवली होती. झारागोझाची पिशवीही दाराशी भरून ठेवलेली होती. रस्ता मोकळा झाला की दामियान न्यायला येणार होता.

दरीकडून घरघर ऐकू आली. यंत्र शिवेच्या दगडाशी आलं, आणि थांबलं नाही. चढ चढून, दोन्ही बाजूंना बर्फ उडवत ते चौकात शिरलं. चालवणारा मागच्या हिवाळ्यातला तोच होता. काच खाली करून तो ओरडला, "आजोबा, जरा बाजूला व्हा! कुठवर काढायचं इथे?"

सेव्हेरिनो फावड्यासकट भिंतीला चिकटून उभा राहिला. टोपीवरचं बर्फ झटकलं. ते काम शिपायाचंच असल्यासारखा त्यानं हात लांब करून उताराकडे दाखवला.

"तो हौद दिसतो ना? त्याच्या खाली," तो म्हणाला. "शेवटच्या दारापर्यंत."