आमटीतलं पीठ

देगजाला भावजयीचा, ऐचतूचा, आजार पहिल्यापासून खोटा वाटत होता. "निर्वासितांची अख्खी छावणी मदतीच्या पिठाचा पाव खाऊन जगते, आणि हिलाच म्हणे गहू बाधतो! नखरे नुसते," असं ती आल्यागेल्याला ऐकवायची. ऐचतू आपल्या कामाला लागायची. गहू सोडल्यापासून तिचे जुलाब थांबले होते, अंग भरलं होतं. तिला तेवढं पुरे होतं.

पण उन्हाळ्यात पोट पुन्हा बिघडलं. तोंड आलं, केस गळायला लागले. तिने भांडी वाळूने घासघासून घेतली, तेल बदललं. गुण येईना, तेव्हा दवाखाना गाठला.

डॉक्टर लेहबीबनी रक्त तपासलं. "तू गहू खातेयस."

"मुलांची शपथ, नाही!"

"मग रक्तात गव्हाशी लढणारी एवढी प्रतिपिंडं आली कुठून? गव्हातलं ग्लुटेन पुरतं पचत नाही. त्याचे तुकडे आतड्याच्या अस्तरात शिरतात. इतरांचं शरीर त्यांना जाऊ देतं. तुझं त्यांना शत्रू समजून तुटून पडतं, आणि मार बसतो तुझ्याच आतड्याला. अन्न शोषणारी बारीक लव झडते. मग खाल्लेलं अंगी लागणार कसं? चिमूटभर पीठही पुरतं त्याला."

संध्याकाळी चहाच्या वेळी तिने हे नवऱ्याला, सालेकला, सांगितलं. रोज स्वयंपाकाला हात लावायला येणारी देगजा चहा ओतता ओतता खो खो हसली.

"अगं, मीच घालत होते! तुझ्या मसुरीच्या आमटीत रोज मूठभर. मेलीस का? झालं ना सिद्ध?"

ऐचतूने पेला खाली ठेवला. "वन्सं, माझे केस हातात येत होते, तेव्हा वेणी तुम्हीच घालत होतात. तेव्हाही घालत होतात पीठ?"

"तुझं सोंग उघडं पाडायचं होतं मला."

"जाऊ दे," सालेक पुटपुटला. "तिला काय कळतंय!"

"तिला सगळं कळत होतं. कळत नव्हतं ते मला."

ऐचतूने उठून देगजाच्या हातातली चहादाणी काढून घेतली. "तंबू माझा, चूल माझी. उद्यापासून तुमचं शिजवणं तुमच्या आईकडे."

सालेकने विनवलं, सासू येऊन भांडून गेली. ऐचतू हलली नाही. तंबूलगतच्या मातीच्या स्वयंपाकघराला तिने कुलूप लावलं. पोट हळूहळू थाऱ्यावर आलं.

पाण्याच्या टाकीपाशी देगजा अजून ओरडते, "सरका गं, राणीसाहेब आल्या!" ऐचतू पाणी भरून निघून जाते.

बकरी ईदेला देगजाकडून ताट आलं. नुसता भात आणि मटण, गव्हाचं काही नाही, असा निरोपही होता. ऐचतूने झाकण न उघडताच ते परत पाठवलं.